पाच नव्हे, सहा फटके

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा चष्म्याचा, आज पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो की माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे. बायकोचे दडपण यात धरलेले नाही. ते धरले तर कुठल्याच नवऱ्याला मृत्युपत्र करता येणार नाही.

१. राहते घर बायकोला. तिथे माझे मत तसेही कधी चालले नाही.

२. दुकान, भिंगे घासायचे यंत्र आणि नंबर तपासायची पेटी मुलीला. "हा चष्मा तुम्हाला शोभतो" असे तिने सरसकट म्हणू नये. मी म्हणत आलो आणि त्याचे परिणाम रस्त्यात रोज समोरून येतात.

३. गोल्फच्या काठ्या, पिशवीसकट, आमच्या दंतवैद्य मित्राला. तो, मी आणि माझे थोरले मेहुणे अशा तिघांनी वीस वर्षे हौशी खेळाडूंच्या स्पर्धांच्या सहली केल्या. तो माझ्या खोलीत जितका घोरला त्या मानाने ही पिशवी फार आहे.

४. नामांकित मैदानांवरचे फोटो फेकून द्यावेत. तिथे मोजे कोणते घालायचे हेही आम्हाला सांगत, आणि एकट्या तळ्यात माझे सात चेंडू गेले. आडवाटेच्या मैदानांचे फोटो ठेवावेत. एका ठिकाणी मेंढ्या हाकलून खेळलो, क्लबचा सचिव स्वतः सूप वाढत होता. तिथेच मी आयुष्यातला एकमेव कप जिंकला.

५. त्या कपाविषयी. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी, तो जिंकतो. या स्पर्धांत तुमचे फटके जोडीदार लिहितो आणि तुम्ही कागद वाचून सही करता. सहीनंतर आकडा खऱ्यापेक्षा कमी निघाला तर तुम्ही बाद. शेवटच्या होलला मेहुण्यांनी सहा फटके घेतले आणि मला "सहा" असेच सांगितले. मी पाच लिहिले, चुकून. त्यांचा वाचायचा चष्मा हॉटेलात राहिला होता. "तुम्ही लिहिलंय ना, दाजी? मग त्यात काय बघायचं," म्हणाले आणि सही केली. दंतवैद्याने सहा मोजले होते, तो सहज बोलून गेला. समितीने मला विचारले. मी म्हणालो, "त्यांनी पाचच सांगितले." सहा धरूनही ते माझ्या एक फटका पुढे होते. कप मला मिळाला आणि लबाड ते ठरले. आकडा मी चुकून लिहिला. ते वाक्य चुकून बोललो नाही.

६. नऊ वर्षे ते आमच्या घराची पायरी चढलेले नाहीत. बायको भावाला भेटून येते आणि मी विचारले की "बरा आहे" एवढेच सांगते. मला लाज वाटते, आणि त्यांची फार आठवण येते. कप त्यांनाच द्यायचा होता, पण वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये. मला कपापेक्षा त्यांची सही हवी आहे. म्हणून कप बायकोला. तिने तो भावाच्या घरी विसरून यावा.

मुलगी मामाला आणायला गेली आहे. ते येतील की नाही, ठाऊक नाही. खाली जागा मोकळी सोडली आहे.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: १४ मार्च
(सही) चष्मेवाला

साक्षीदार पहिला: शेजारच्या दुकानातला शिंपी. माझ्यासमोर सही झाली. गोल्फमधले मला काही कळत नाही.
(सही)

साक्षीदार दुसरा: थोरला मेहुणा. चष्मा लावून दोनदा वाचले. सहा बरोबर आहे. दाजी, रविवारी खेळायला या, पण माझे फटके दंतवैद्य लिहील.
(सही)