एकोणऐंशी सेंटिमीटर

प्रिय काकू,

सोबत एक आराखडा जोडला आहे. फोनवर पाठवला असता, पण "काचेवर बोटं घासून घर दिसतं का कुठे?" असं तू मागे म्हणाली होतीस, म्हणून मोठ्या कागदावर छापून घेतला. आधी पत्र वाच, मग घडी उघड. हा क्रम महत्त्वाचा आहे.

नव्या घराचा ताबा मिळाला. तिसरा मजला. लिफ्ट आहे आणि ती चालते. आठ दिवस वेगवेगळ्या वेळी जाऊन मी खात्री केली. दोन खोल्या, हातभर बाल्कनी आणि दोन मीटर चाळीस बाय एक मीटर ऐंशीचं स्वयंपाकघर. खिडकी पूर्वेला. सहा वर्षं लोकांसाठी युरोपियन पद्धतीची स्वयंपाकघरं आखतेय, स्वतःसाठी ही पहिलीच वेळ. या पद्धतीत सगळं लपवायचं असतं. फ्रिज कपाटाच्या दारामागे, भांडी धुण्याचं मशीन ओट्याखाली तसल्याच दारामागे, दारांना मुठी नाहीत, आणि ओटा म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक सरळ रेघ. तू म्हणशील, "एवढं लपवल्यावर चमचा शोधायला काय पोलीस बोलवायचे?" कुठल्या खणात काय राहील, ते मी लिहून ठेवलं आहे. हसू नकोस.

तू मला फूटपट्टी म्हणायचीस ते काही उगाच नाही. तू बाबांशी लग्न करून घरात आलीस तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. सगळे म्हणाले, हिला आई म्हण. मी काकू म्हणाले. बापाच्या बायकोला काकू म्हणणारी मुलगी अख्ख्या गल्लीत मी एकटीच. बाबा ओशाळले, तू मात्र म्हणालीस, "काकू तर काकू. हाकेला ओ देण्याशी मतलब." पुढच्याच आठवड्यात तू केक केलास आणि मी माझा तुकडा कंपासपेटीतल्या पट्टीने मोजला. सावत्रपणा किती मिलिमीटरचा असतो, ते मला बघायचं होतं. माझा आणि तुझा तुकडा सारखा निघाला, बाबांचा जरा कमी. त्यानंतर प्रत्येक केकच्या वेळी तू सुरीशेजारी ती पट्टीही धुऊन ठेवायचीस. "घ्या इंजिनिअरबाई, मोजा." मी खरंच इंजिनिअर झाले त्यात त्या पट्टीचा वाटा किती, हे मात्र मला मोजता आलेलं नाही.

आता मुद्द्याचं. मागच्या सोमवारी कारखान्यातल्या मिस्त्रींचा फोन आला. फळ्या कापणारे हे आमचे सगळ्यांत जुने मिस्त्री; त्यांची जीभही करवतीसारखीच चालते. "मॅडम, ओट्याची उंची ७९ लिहिलीत. ९७ म्हणायचंय का? आकड्यांनी कोलांटी मारलेली दिसतेय." मी म्हटलं, बघते. म्हणाले, "बघाच. नाहीतर भांड्यांच्या मशीनला आत जायला गुडघे टेकावे लागतील." मशीनला ओट्याखाली चांगले ब्याऐंशी सेंटिमीटर लागतात, हे मी झोपेतही सांगेन. ओटा कोपरापेक्षा चौदा सेंटिमीटर खाली असावा, हे तर मी कामावर नव्याने आलेल्यांना पहिल्याच दिवशी शिकवते. माझं कोपर एकशे सहावर आहे, म्हणजे माझा ओटा ब्याण्णवचा हवा. एकोणऐंशीच्या ओट्यावर मी महिनाभर भाजी चिरली तर माझी पाठ कायमची प्रश्नचिन्ह होईल.

सहा वर्षांत माझा एकही आकडा चुकलेला नाही. त्यामुळे चुकल्याचं वाईट वाटण्याआधी, हा आकडा आला कुठून, याचाच मी शोध घेतला. आपल्या जुन्या घरातला ओटा ब्याण्णवचा. बाबांनी तो आईच्या मापाने बांधून घेतला होता, आणि उंचीत मी तिच्यावर गेले आहे. तुझा तो लाकडी पाट, ज्यावर उभी राहून तू स्वयंपाक करतेस, तो तेरा सेंटिमीटर उंच. ब्याण्णवातून तेरा गेले, उरले एकोणऐंशी. काकू, मी तुझं कोपर कधी मोजलेलं नाही. पण माझ्या घराच्या कागदावर माझ्या हाताने न विचारता तुझं माप लिहून टाकलं.

तो पाट घरात कसा आला, यावर आपण दोघी कधी बोललो नाही. तू आलीस त्याच वर्षी बाबांनी ओटा खाली घ्यायला गवंडी बोलावला होता. मी शाळेतून आले तर तो छिन्नी-हातोडा काढत होता. मी दप्तरासकट ओट्यावर चढून बसले. हा आईचा ओटा आहे, याला कुणी हात लावायचा नाही, असं ओरडले, आणि बरंच काही, जे मी इथे लिहिणार नाही. तुला ते आठवत असेलच. बाबा चिडले होते, मला खाली ओढणार होते. तूच मध्ये आलीस. "दादा, चहा घ्या आणि या आता," तू गवंड्याला म्हणालीस. "ओटा आहे तसाच बरा. उंच माणसांत राहायचं तर आपणच थोडं उंच व्हायला नको का?" संध्याकाळी बाबांनी फळ्या ठोकून पाट केला. मी जिंकले होते. पुढची सतरा वर्षं तू रोज त्या पाटावर चढलीस आणि उतरलीस, मीठ आणायला, फोन घ्यायला, मला दार उघडायला. बाबा गेल्यानंतरही. आता ओटा उतरवायला अडवणारं घरात कुणी नव्हतं, तरीही.

मिस्त्रींना मी दोन दिवस थांबवून ठेवलं आणि आराखडा नव्याने काढला. खिडकीकडचा एक मीटर वीसचा भाग एकोणऐंशीवर आहे. चिरायची जागा तिथे, शेगडीही तिथेच, म्हणजे पातेल्यात डोकावायला टाचा उंचवायला नकोत. सिंकचा भाग ब्याण्णवचा, त्याच्याखाली मशीन ताठ मानेने उभं राहतं. भांडी मशीन धुईल, उरलेली मी. ओव्हन छातीच्या उंचीवर घेतला आहे, वाकायला लागू नये म्हणून. आमच्या साहेबांनी कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. "ओट्याला मध्येच पायरी? अगं, ही पद्धत सरळ रेघेवर उभी आहे! तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." मी म्हटलं, सर, घर माझं आहे. मिस्त्री मात्र बराच वेळ कागद बघत राहिले आणि म्हणाले, "दोन उंच्या म्हणजे दोन माणसं. अभिनंदन मॅडम, जावईबापू बुटके दिसतायत." मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. शेजारच्या शिवणकामवाल्या ताईंचा फोन आला होता. तू मला "पाय जरा मुरगळला, वय झालं आता," असं सांगितलं होतंस. तू पाटावरून पडलीस हे त्यांच्याकडून कळलं. छप्पन्न हे काही वय नाही. पाटावरून दिवसाला किती चढ-उतार, सतरा वर्षांचे किती, हे गणित मी मांडलं आणि पुसलं. त्याचं उत्तर मला माहीत होतं. चूक माझी होती आणि भोगलीस तू. दुरुस्ती करायला मला फक्त आराखडा काढता येतो, म्हणून तो काढला. आता कागदाची घडी उघड. मागच्या खोलीवर काही लिहिलेलं नाही, ती तुझ्यासाठी आहे. तिथे काय ठेवायचं ते तू ठरव. महिनाभर राहून बघ, नाही जमलं तर मी स्वतः तुला परत सोडेन. शुक्रवारी मिस्त्री फळ्या कापणार आहेत, त्याआधी तुझा होकार आला तर मला बरं वाटेल. नाही आला तरी मी त्यांना एकोणऐंशीच कळवणार आहे. केकची पट्टी माझ्याकडेच आहे, ती शोधत बसू नकोस. येताना हवं ते सामान आण. फक्त तो पाट आणू नकोस.

तुझीच,
फूटपट्टी