पानगळीतला मेळघाट

१२ मार्च
अकोल्याला उतरून जीपने मेळघाटात पोचलो. सूनबाईने — विजयमालाने — बडोदे स्टेशनावर पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "बाबा, पूर्वीला घेऊनच या. वाघांत मुलगी ठेवायची नाही." नात माझी. जंगलाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत नुकतीच लागली. मी तरी कुठे राजी होतो! रस्ताभर जीपच्या काचा लावून घ्यायला लावल्या. ड्रायव्हर बिचारा घामाघूम.

आणि जंगल? मेलेलं! डोंगरच्या डोंगर सागाचे, अंगावर पान नाही. आमच्या बडोद्याचे वड कसे भर उन्हात डोक्यावर छत धरतात! पोचल्यावर पूर्वीला म्हटलं, "कीड लागली ना? सरकारला कळवलं का कोणी?" पोट धरून हसली. "आजोबा, जिवंत आहे ते! पानं गाळून पाणी वाचवतंय."

खजील झालो.

१३ मार्च
झोप नाही. स्वयंपाकाला येणारी मोहना चहा देताना म्हणाली, "कायले भेता, आबा? वाघाले म्हातारं मटन नाही चालत!" हसलो. पण चहा बशीत सांडला.

१४ मार्च
काय लिहू! पूर्वी तिच्या संस्थेतल्या माणसांबरोबर मलाही घेऊन गेली. वर खडकाळ उतारावर सालई — नुसत्या दगडातून उगवलेली! त्याखाली साग, ऐन, धावडा. घळीत बांबूची बेटं. आणखी उतरलो, तर एकदम हिरवंगार — नाल्याकाठी जांभूळ, अर्जुन, गार सावली. एकाच डोंगरावर किती जंगलं!

वाळल्या पानांवर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज. "थांबा," पूर्वी म्हणाली. थांबलो. मग जे ऐकू आलं त्याला शांतता म्हणायचं का, ठाऊक नाही. हात आपोआप जोडले गेले.

ओल्या वाळूत वाघाच्या पंजाचा ठसा. ताजा. घाबरलो. पण हलावंसं वाटेना.

१५ मार्च
सूनबाईला फोन केला. पोरगी इथेच राहू दे, म्हटलं. "बाबा, तुम्हीसुद्धा?" — आणि रडली. बोललो ते बरोबर ना? दिवसभर तेच डोक्यात.

१६ मार्च
सकाळी पूर्वी बॅग भरून दारात. "आजोबा, मला घरी न्या. पहिल्या दिवसापासून या जंगलाची भीती वाटते, वरवर हसत होते. तुम्हाला सांगवेना."

बॅग तिच्या हातून घेतली, आत ठेवली. म्हटलं, "आजचा दिवस बघ. नाहीच जमलं तर उद्या बडोदे. आज मी पुढे चालतो."