मारत नाही, औषध देते

सोमवार, ३ तारीख, दुपार
तर सगळ्यांत आधी आल्या मॅडम, नातीच्या गाईड. मागून दोन परीक्षक. त्यांतला एक पाणीसुद्धा वास घेऊन प्याला. नातीने भाजीतलं विष पकडायचं यंत्र केलंय, सेन्सर. पट्टीवर एन्झाइम बसवलेलं. भाजी स्वच्छ असली की ते कामाला लागतं, वीज वाहते, आकडा मोठा येतो. विष लागलं की ते आडवं होतं, आकडा पडतो. मला एका दमात समजलं. सूनबाई अजून विचारतेय.

यंत्र घरोघरी चाललं पाहिजे म्हणून गुरुवारी परीक्षा आमच्याच स्वयंपाकघरात. आकडा चुकला तर नातीचं वर्ष गेलं. एक भाजी हमखास बिनविषारी हवी. म्हटलं, माझ्या कुंड्यांतला पालक घ्या. कीटकनाशक मारता का, मॅडमनी विचारलं. म्हटलं, मी माशीसुद्धा मारत नाही.

संकल्प: पाहुण्यांसमोर कमी बोलायचं.

मंगळवार, ४
संकल्प पाळला. पाहुणे आलेच नव्हते. इस्त्रीवाल्याला मात्र सेन्सर नीट समजावला. ऐकता ऐकता त्याने एक शर्ट जाळला, इतका रंगला.

बुधवार, ५, सकाळी सात
पालकावर मावा! परीक्षक काय म्हणतील? रोपवाटिकेवाल्याने दिलेलं औषध दिलं. एरवी पंधरवड्याला एक टोपण. उद्या परीक्षा म्हणून दोन. बाटलीवर बारीक अक्षरांत बरंच काहीबाही आहे, चष्मा सापडला की वाचेन. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना एक जुडी दिली. माझ्या पालकाशिवाय त्यांचं पान हलत नाही.

गुरुवार, ६
बाजारचा कोबी: आकडा झकास. माझा पालक: आकडा धाडकन खाली. नातीने पट्टी बदलली. पुन्हा खाली. तिसरी पट्टी, तेच. वास घेणारा परीक्षक म्हणाला, "शुद्ध भाजीला विषारी ठरवणारं यंत्र लोकांच्या घरी कसं पाठवायचं?"

मी लगेच नातीची बाजू घेतली. म्हटलं, पोर हुशार आहे हो, यंत्रच खुळं आहे. का कोण जाणे, ती रडायलाच लागली. पाहुणे चहा अर्धा टाकून गेले.

तीन वाजता
नात गॅलरीतून बाटली घेऊन आत आली.

"आजी, हे काय आहे?"

"औषध."

"तुला विचारलं होतं ना, काही मारतेस का म्हणून?"

"मारत कुठे? देते."

ती फरशीवरच बसली. आधी रडली, मग हसली, मग मॅडमना फोन लावला. बाटलीवर कवटीचं चित्र आहे म्हणे. मला तो कंपनीचा मालक वाटायचा.

शुक्रवार, ७
मॅडमचा फोन. कुणाला पत्ता नसताना यंत्राने विष बरोबर पकडलं, म्हणून परीक्षक खूश. नात पास. माझं नाव कुणी घेतलं नाही. मी नसते तर यंत्राने पकडलं काय असतं?

सूनबाईने फ्रीजमधला पालक चिमट्याने उचलून टाकला. वरच्या वहिनींनी दार अर्धंच उघडलं, "सध्या भाजी नको हं" म्हणाल्या नि लावून घेतलं. नात फोनवर कुणाला तरी सांगत होती, असला नमुना शोधून मिळणार नाही. पालकाबद्दलच असणार.

विषारी भाजी म्हणून आता माझाच पालक प्रयोगशाळेत ठेवणार आहेत. मंगळवारी, ११ तारखेला, पुन्हा येतो म्हणालेत. सगळ्या कुंड्या न्यायला.