एकेकट्या खोक्यातली पिल्लं

६ ऑक्टो.
आज कोंबडीची चोवीस पिल्लं अंड्यांतून बाहेर आली. गाईड मॅडम खूश. बारा एकत्र, मोठ्या पिंजऱ्यात. बारा एकेकटी, पुठ्ठ्याच्या खोक्यांत. उद्या सगळ्यांना रंगाचं इंजेक्शन. उद्या मेंदूत ज्या पेशी नव्याने जन्मतील तेवढ्याच रंगतील, पुढे सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या दिसतील. किती जन्मल्या, किती टिकल्या, मोजायचं. माझी पीएचडी म्हणजे एवढंच.
येळ्ळूरला घरी पोचले. आप्पा मला बघून म्हणाले, "नीरु." पाणी दिलं. आई भिंतीकडे तोंड करून रडत होती. "चाळीस वर्सं माज्याकडं पाणी मागितलं ह्यांनी. आता नीरु म्हनत्यात."

८ ऑक्टो.
अर्धांगाचा झटका येऊन दोन महिने झाले. आप्पांचा उजवा हात गेला आणि मराठी गेली. कन्नड तेवढं राहिलं, तेही मोडकंतोडकं. डॉक्टर म्हणतात, होतं असं कधीकधी. व्हायचं तर दुसऱ्या कुणाचं व्हायचं होतं. आप्पांनी जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली, तिकिटं कन्नडमधून फाडली, पण घरात शिरताना चपलांबरोबर कन्नडही बाहेर काढून ठेवायचे. सीमालढ्यात मराठीसाठी लाठ्या खाल्ल्या, दोनदा तुरुंगात जाऊन आले.
दवाखान्यातली बोलायला शिकवणारी बाई म्हणाली, ज्या भाषेत उत्तर देतात त्याच भाषेत बोला. सारखं बोला. माणसं येऊ द्या.
दादाने ऐकून घेतलं. घरी येऊन म्हणाला, "ह्या घरात कन्नड? आदी मला जाळा, मग बोला."
कुणी बोलत नाही. मीसुद्धा.

११ ऑक्टो.
खोक्यातली पिल्लं पाच दिवस जीव तोडून ओरडत होती. आज गप्प. मॅडम म्हणाल्या, "सेटल झाली."
दोन्हींकडची चार-चार पिल्लं आज सॅक्रिफाइस केली. लॅबमध्ये मारणं म्हणत नाहीत.

१९ ऑक्टो.
बसूकाका आले होते. आप्पांच्या बसचे कानडी ड्रायव्हर, वीस वर्षांची जोडी. सीमाप्रश्नावरून दोघांची भांडणं व्हायची, मग एकाच डब्यात जेवायचे. शहापूरहून केळी घेऊन आले बिचारे. दादा दारातच उभा. "झोपल्यात आप्पा."
आप्पा टक्क जागे होते. आतून आवाज आला, "बसू! बा!" ये म्हणून. बसूकाकांनी ऐकलं. दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात चहाचा कप होता, त्यांच्यासाठीच केलेला.
केळी उंबऱ्यावर ठेवून गेले. चहा मी मोरीत ओतला. लाज वाटते स्वतःची.

२४ ऑक्टो.
पहिल्या आठ पिल्लांच्या मेंदूचे काप झाले. एकटी असोत नाहीतर एकत्र, नव्या पेशी सारख्याच. मेंदू कुणाला विचारत नाही, आपला वाढत राहतो. बसमध्ये खूप दिवसांनी बरं वाटलं.
मॅडमना विचारलं, माणसांत? म्हाताऱ्या माणसांत?
"तू तुझ्या पिल्लांचं बघ."

३० ऑक्टो.
उरलेली सोळा. माझ्याच हाताने. एका एकट्या पिल्लाने हातात घेतल्यावर बोटाखाली डोकं घातलं. पुढचं लिहीत नाही.

१ नोव्हें.
कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी. आमच्याकडे काळा दिवस. बेळगावच्या निषेध फेरीला निघण्याआधी गावातली सहा-सात माणसं आप्पांना काळी फीत लावायला आली. दादाने सकाळीच बजावलं होतं, "आप्पा, तोंड उगडायचं न्हाय. नुसतं हात जोडायचं." एका हाताने हात कसे जोडतात?
इतक्या दिवसांनी माणसं बघून आप्पांचा चेहरा फुलला. मोठ्याने म्हणाले, "बर्री, कुंदर्री!" या, बसा.
कुणी बसलं नाही. एकजण फिस्सकन हसला. ह्यातला प्रत्येकजण बेळगावच्या बाजारात कन्नडमधून भाजी विकतो. एकाला तरी 'हूं' म्हणता आलं असतं. फीत लावली आणि गेले.
दादा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "आज माजं नाक कापलंसा आप्पा तुमी."
आप्पांना ते कळलं. मराठी बोलता येत नाही. कळतं सगळं.

९ नोव्हें.
त्या दिवसापासून एक शब्द नाही. पाणी हवं तर भांड्याकडे बघतात. आई म्हणाली, "नीरु तरी म्हना ओ." बघत राहिले.
दादा म्हणाला, "आता कसं निवांत हायत."
मॅडमही असंच म्हणाल्या होत्या.

१२ नोव्हें.
दुसऱ्या तुकडीचे काप. दिवसभर मोजले, मग पुन्हा मोजले. एकत्र वाढलेल्यांच्या मेंदूत हिरवे ठिपके दाट. एकट्यांच्यात जवळजवळ नाहीतच. पेशी पहिल्या दिवशी जन्मल्या होत्या सारख्याच. एकट्यांच्यातल्यांना काम मिळालं नाही, मेल्या.
मॅडमनी पाठ थोपटली. "किती क्लीन रिझल्ट आलाय गं!"
बाथरूममध्ये जाऊन रडले. रागाने. खोकी मी लावली होती, आणि घरात चहाचा कप हातात धरून मीच उभी होते.

१३ नोव्हें.
बसूकाकांना फोन केला. म्हटलं, गुरुवारी अकराला या, दादा ड्युटीवर असतो.
आधी आप्पा नीट जेवतात का ते विचारलं. मग म्हणाले, "येतो की गं. पन तुज्या दादाला सांगून बोलव. चोरासारखा न्हाय येनार मी त्याच्या घरात."
हो म्हटलं. दादा रात्री जेवायला समोर होता. आमटी वाढली, भात वाढला. सांगितलं नाही.

१४ नोव्हें.
दादा ड्युटीवर, आई देवळात. घरात आम्ही दोघंच. आप्पांच्या समोर बसले आणि म्हटलं, "आप्पा, ऊटा आतेन्री?" जेवलात का, एवढंच. जन्मात त्यांच्याशी बोललेलं पहिलं कन्नड वाक्य. लॅबच्या शिपायाशी रोज बोलते.
आप्पा माझ्याकडे बघत राहिले. डोळे भरले. वाटलं, आता बोलणार.
त्यांनी डावा हात उचलला, बोट ओठांवर ठेवलं आणि दाराकडे पाहिलं.
दारात कुणी नव्हतं. मी पुन्हा विचारलं, जरा हळू. बोट ओठांवरच.