एकसष्ट रस्त्यांची नावं

ता. ३ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तू गेल्यापासून घर गप्प झालंय. माझे कान पाहता घर गप्प आहे की मी बहिरा, हे सांगणं तसं अवघडच. पण तुझी बोटं त्या कळांवर नाचताना दिसायची, ती दिसत नाहीत एवढं खरं. चार दिवसांसाठी आलास आणि त्यातले तीन त्या डब्यापुढे मान मोडून बसलास. विंडोज जुनं झालं, त्याला आता कुणी वाली उरला नाही, हे तू वहीत लिहून लिहून मला पटवलंस. मी पाणीखात्यातला आरेखक, चाळीस वर्षं गावभरचे नळ कागदावर काढले. जुनी लाइन बदलावी लागते हे मला वेगळं सांगायला नको होतं.

तुझं लिनक्स बरं आहे. पूर्वी बटण दाबून मी चहा करायला जायचो आणि पिऊन यायचो, तरी पडदा उजळायचा नाही. आता चहाला निमित्तच उरलं नाही. माझा शहर बांधायचा खेळ विंडोजचा, तो इथे चालणार नाही या भीतीने मी पहिला दिवस जेवलोही धड नाही. तू मात्र हट्टाला पेटलास. पहिल्या दिवशी नुसता काळा पडदा, दुसऱ्या दिवशी शहर दिसलं पण एकाही घराला छप्पर नाही, आणि तिसऱ्या दिवशी छपरं आली तेव्हा तू खुर्चीतून उडीच मारलीस. इतका आनंद तुला दहावी पास झाल्यावरही झाला नव्हता.

आता एक बारीकशी गोष्ट. तू गेल्यावर मी शहरात जवळ जाऊन पाहिलं, तर रस्त्यांच्या पाट्यांवर अक्षरांऐवजी छोटे रिकामे चौकोन आलेत. एकसष्टच्या एकसष्ट रस्त्यांवर तेच. ती नावं तुझ्या आईने ठेवलेली. मी हे कधी बोललो नाही, त्यामुळे तुला माहीत नसेल. आम्ही दोघं नोकरीतून सुटल्यावर रोज संध्याकाळी मी रस्ते टाकायचो आणि ती शेजारी स्टुलावर बसून नावं द्यायची. खेळ आपणहून नुसता नंबर देतो. तिचं म्हणणं, तीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं वेगळी केली, पण नंबराच्या रस्त्यावर कुणी मायेने पत्र धाडलेलं पाहिलं नाही. टंकायचीही तीच, मला त्या मराठी कळा कधी साधल्या नाहीत.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. मी आता नवा रस्ता टाकत नाही. संध्याकाळी एक फेरी मारतो आणि पाट्या वाचतो, एवढाच माझा खेळ. ती अक्षरं परत येतील का, हे सवडीने कळव. घाई नाही.

सूनबाईंना आशीर्वाद. माझा लोभ तुला ठाऊक आहे, तुझा पत्रातून कळू दे.

तुझे बाबा


ता. २ मार्च

ती. बाबांच्या सेवेसी,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. बँकेची सगळी यंत्रं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचं काम अंगावर पडलंय. सकाळी गेलो की अंधार पडल्यावर बाहेर येतो. हे पत्रही जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, त्यामुळे अक्षर सांभाळून घ्या. तुम्हाला फोन करण्यात अर्थ नाही आणि घरी तुम्ही इंटरनेट घेऊ देत नाही, नाहीतर इथे बसल्या बसल्या तुमचा डबा उघडून पाहिला असता.

ऑफिसात मी सगळ्यांना सांगून टाकलं की माझे सत्तरीचे वडील लिनक्सवर विंडोजचा खेळ खेळतात. कुणाचा विश्वासच बसेना. माझ्याबरोबरच्या एकाने दोन वर्षं प्रयत्न करून नाद सोडला आणि परत विंडोजकडे गेला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

चौकोनांचं फार मनावर घेऊ नका. शहर चालतंय, घरांना छपरं आहेत, म्हणजे मुख्य काम झालं. इकडचं तिकडे नेताना थोडंफार सांडतंच, तशी नावं गेली असतील. इंग्रजी अक्षरं नीट दिसतात ना? मग त्या अक्षरांत तुम्हीच नावं पुन्हा घालून टाका. तुमचाही वेळ जाईल. मी पुढच्या खेपेला आलो की उरलंसुरलं बघतो.

गुडघ्याला तेल लावत जा. आपली माया अशीच पाठीशी असू द्यावी.

आपला,
खटपट्या


ता. २१ एप्रिल

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तू सांगितलेलं काम हातात घेतलं. नावं गेली हे वाचून वाईट वाटलं, ते काही लपवत नाही. पण गेलेल्या गोष्टीवर रडत बसण्यापेक्षा आठवतंय तोवर लिहून काढावं, असं ठरवलं.

गंमत बघ. मी गावातल्या प्रत्येक नळाची नोंद ठेवणारा माणूस, आणि घरातल्या या एकसष्ट नावांतलं एकही कधी कागदावर उतरवलं नाही. यंत्रात आहेत म्हणून निर्धास्त होतो. आता रोज एक-दोन रस्ते घेतो. रस्ता पडद्यावर आणायचा, डोळे मिटायचे, आणि स्टुलावरून ती काय म्हणाली होती ते आठवायचं. कधी पटकन येतं, कधी दोन दिवस येत नाही आणि मग दाढी करताना येतं. दवाखान्याजवळचा हळू बोला रस्ता, सांडपाण्याच्या टाकीमागची नाकमुरडी गल्ली, कचेऱ्यांपुढचा उद्या या चौक. हे शेवटचं मला उद्देशून होतं, कारण आमच्या खात्यात हेच चालायचं असा तिचा ठाम समज होता. इंग्रजी अक्षरांत ही नावं जरा परकी दिसतात, पण वाचता येतात.

अठ्ठेचाळीस झाली. दर वेळी खेळ जपून ठेवायचं बटण दाबतो, ते विसरत नाही. तेरा मात्र काही केल्या आठवत नाहीत. काहीतरी ठोकून द्यावं असं एकदा मनात आलं, पण हात धजला नाही. तिच्या रस्त्याला भलतंच नाव कसं द्यायचं? त्या तेरांचे चौकोन तसेच ठेवलेत. तुला काही आठवतं का बघ. सुट्टीत आलास की तू तिच्यामागे उभा राहून हसायचास, तेव्हा कशाला हसत होतास तेवढं जरी आठवलं तरी एखादं सापडेल.

ही तक्रार नाही. कामाचं ओझं डोक्यावर असताना तू उत्तर दिलंस, तेच पुष्कळ. माझ्याकडून लोभात काही कमी नाही, तूही हात आखडता घेऊ नकोस.

तुझे बाबा


ता. २७ एप्रिल

ती. बाबांच्या सेवेसी,
सा. न. वि. वि.

बाबा, आधी एक करा. आता एकाही पाटीला हात लावू नका. त्या तेरांना तर अजिबात नाही.

नावं गेली नव्हती. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. लिनक्सवर विंडोजचा खेळ चालवायचा तर त्याला एक खोटं विंडोज मांडून द्यावं लागतं. खोटी ड्राइव्ह, खोटे फोल्डर, सगळं जिथल्या तिथे, म्हणजे खेळाला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. त्या खोट्या घरात मी सगळं मांडलं, फक्त मराठी अक्षरांचा फॉन्ट ठेवायला विसरलो. खेळाला नाव वाचता येत होतं, पण काढून दाखवायला अक्षर मिळत नव्हतं, म्हणून तो चौकोन काढत होता. आईची सगळी नावं त्या चौकोनांमागे होती. मी निघालो त्या दिवशी एकदा जवळ जाऊन पाहिलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. मी फक्त छपरं मोजली.

आणि तुमचं पहिलं पत्र मी धड वाचलंही नव्हतं, बाबा. वरवर नजर फिरवली, चौकोन एवढा शब्द पाहिला आणि उत्तर खरडलं. काल दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. ती नावं आईने ठेवलेली, हे तुम्ही पहिल्याच पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. ऑफिसात फुशारक्या मारायला मला वेळ होता.

जुनी फाइल कुठे मिळते का ते पाहिलं. तुमच्या डब्यातलं विंडोज मी पुसूनच लिनक्स टाकलं होतं, आणि ज्या पेनड्राइव्हवर मधल्या वेळात तुमचा खेळ ठेवला होता, त्यावर नंतर बँकेचं काम भरलं. रविवारचा अख्खा दिवस त्यातून काही निघतं का बघत बसलो. काही निघालं नाही. तुम्ही बदललेली अठ्ठेचाळीस आता परत येणार नाहीत. हे लिहायला मला चार कागद फाडावे लागले. आईमागे उभा राहून मी कशाला हसायचो तेही आठवून पाहिलं, पण मला नुसतं हसणंच आठवतं.

तेरा येतील. सोबत पेनड्राइव्ह आहे, त्यात एकच फाइल आहे. घरचं फोल्डर उघडून कंट्रोल आणि एच या कळा एकत्र दाबा, म्हणजे लपलेले फोल्डर दिसतील. पुढची वाट वेगळ्या कागदावर पायरी पायरीने काढून दिली आहे. फाइल फॉन्टच्या फोल्डरात टाका आणि खेळ पुन्हा सुरू करा. मी स्वतः शुक्रवारी यायला बघतोय, पण तोवर तुम्हाला थांबवून ठेवायचा मला हक्क नाही.

आपला लोभ मी गृहीत धरत आलो, आता मागतो.

आपला,
खटपट्या


ता. ५ मे

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तुला शुक्रवारी जमलं नाही, रजा नाकारली, हे सूनबाईंनी कळवलं. वाईट वाटून घेऊ नकोस. तू काढून दिलेला कागद इतका नेटका होता की आमच्या खात्यात तुला सहज नोकरी लागली असती. तिसऱ्या पायरीला एकदा भलत्याच फोल्डरात शिरलो आणि घाबरून बाहेर आलो, बाकी सगळं पार पडलं. खेळ सुरू केला, चष्मा पुसला, आणि जवळ गेलो.

तेराही आलेत. बटण तुटलं गल्ली. इथे भांडू नये मैदान. पाहुणे गेले रस्ता, जो स्टेशनाकडून परत येतो. खटपट्याचा बंद बोळ, तो का बंद ते तूच ठरव. मी एकटाच इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते थांबेना. मला जी आठवली नाहीत तीच शाबूत राहिली, आणि जी आठवतात म्हणून छातीवर हात मारला ती मी माझ्याच हाताने पुसली.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. टेकडीवर जाणारा एक रस्ता आहे. पूल बांधला तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले, दोन्हींवर तेच नाव राहिलं. खालचा तुकडा मी पहिल्याच संध्याकाळी बदलला, कारण त्याबद्दल तिळभर शंका नव्हती. दम खा चढण. आम्ही फिरायला जायचो तेव्हा तिला चढावर धाप लागायची, त्यावरूनच ते नाव, असं मला पक्कं आठवत होतं. नाव एकच म्हणून वरचा तुकडा मी वेगळा मोजलाच नाही, तो बदलायचा राहूनच गेला होता. काल तो वाचला. तिथे तिने लिहिलंय, मागे बघ चढण.

मी झपाझप पुढे जायचो रे. ती मागे राहायची. वर पोचलो की मी गावच्या टाक्या कुठे कुठे दिसतात ते मोजत उभा राहायचो. तिने ते पाटीवर लिहून ठेवलं, रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी ते वाचून वाचून तिच्या धापेचं करून टाकलं. ज्याची सगळ्यांत खात्री होती त्याचं हे असं. उरलेल्या सत्तेचाळीस नावांत तिचं किती आणि माझं किती, हे आता सांगायला कुणी नाही. तुझी चूक पाच मिनिटांची होती, खटपट्या. माझी जुनी आहे.

खालची पाटीही वरच्यासारखी मराठी अक्षरांत दुरुस्त करावी म्हणून बसलो होतो, पण मराठी टंकणं मला येत नाही, ते तीच करायची. तेव्हा तशीच राहू दिली आहे. एकच चढण, खाली माझं नाव, वर तिचं.

सूनबाईंचा हात धरून चालत जा. लोभ ठेव.

तुझे बाबा