तळ्याची ओहोटी

पॉइंट कुक, मेलबर्न
जुलैमधला एक ओला शनिवार

प्रिय ऑलिव्ह आत्या,

तुला फ्रँकीचा प्रेमाचा नमस्कार, आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा, कारण मागच्या फोनवर तू म्हणालीस की त्यांचं आपसांत पटत नाही. कोंबड्या बऱ्या असतील. आम्ही इथे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. हिवाळा आहे, पाऊस आडवा पडतो, ॲन्ड्रियाला शाळेतली सर्दी, सेरेनाला खोकला, मला दोन्ही. फोनवरच बोललो असतो, पण आमचं घर पुठ्ठ्याचं आहे. या खोलीत शिंकलं तर त्या खोलीतून पप्पा ‘देव भलं करो’ म्हणतात. गेला महिनाभर ते जवळजवळ एवढंच बोलतात. म्हणून हे पत्र. ऑफिसातला रिकी शुक्रवारी सुट्टीवर वसईला निघालाय, त्याच्या हाती देतो. (तो खोलून वाचेल. वाचू दे. रिकी, तुझ्या आईला सांगतो थांब.)

तर तुझ्या भावाची हकिकत. मम्मी गेल्यावर एवढ्या मोठ्या घरात एकटे काय करणार म्हणून मी त्यांना इकडे आणलं, हे तुला ठाऊक आहे. आणलं जूनमध्ये, म्हणजे बरोब्बर थंडीच्या तोंडात. आल्यापासून ते पुढच्या खिडकीपाशी बसतात. समोर रस्ता आहे, रस्त्यावर कोणी नसतं. तेच बघतात. सेरेनाने सुपरमार्केटमधून मासा आणून कालवण केलं, तर ताटाकडे बघून म्हणाले, ‘हा मासा नव्हे, हा माशाचा पासपोर्टचा फोटो.’ आणि डाळभात जेवले. माझी बायको म्हणून सांगत नाही, पण सेरेना गुणाची आहे. फक्त भांडी जरा मोठ्याने घासली.

ऑगस्टात मम्मीला वर्ष होईल. पप्पांच्या मनात वरसाची मिस्सा वसईलाच करायची. मी म्हटलं, आता कुठे परत जाता, इथल्या चर्चमध्ये करू, इथेच राहा. त्यावर त्यांनी आपल्या घरची रीत काढली. आजोबांची रीत तुला मी काय सांगणार, तूच लहानपणी त्यापायी उपाशी राहिली आहेस: वरसाच्या मिस्सेनंतरच्या जेवणातला मासा विकतचा चालत नाही, घरच्या पुरुषाने स्वतः गळ टाकून गरवून आणलेला लागतो. (वसईत सगळे विकत आणतात आणि कुणाचा आत्मा अडून बसल्याचं ऐकिवात नाही. पण आजोबांपुढे कोण बोलणार, तेही मेल्यावर!) तर पप्पांची अट अशी, की इथल्या पाण्यातून हाताने मासा काढून दाखवला तर मिस्सा इथे आणि तेही इथे. नाही काढला तर त्यांना विमानात बसवायचं. मी लगेच हो म्हटलं. आत्या, मला वाटलं होतं, देशाच्या चारी बाजूंना समुद्र आहे, एक मासा काय मिळणार नाही?

नाही मिळत. दर शनिवारी आम्ही बापलेक खाडीवर जाऊन वाऱ्याचे फटके खात होतो. एकदा शेवाळ आलं, एकदा कुणाचा तरी हातमोजा. तो डाव्या हाताचा होता आणि माझाही डावाच हरवलेला, म्हणून तो मी धुऊन घातला, एवढीच काय ती कमाई. शेवटी विश्रामला शरण गेलो. विश्राम म्हणजे आमच्यापासून दोन घरं सोडून राहणारा मालवणचा माणूस. मासेमारीवरचे जगातले सगळे व्हिडिओ त्याने पाहिलेत आणि आयुष्यात एकही मासा धरलेला नाही. तो म्हणाला, समुद्र सोड, बॅलारॅटच्या बाजूला तळी आहेत, तिथे रेडफिन नावाचा मासा असतो. थंडीत हे मासे खोल पाण्यात जातात, तळाशी घोळक्याने रुसून बसतात, आमिषामागे धावत नाहीत. दोरा सरळ खाली सोडायचा आणि गळ अगदी नाकासमोर हळूहळू हलवायचा, मग कंटाळून तोंड उघडतात. (थोडक्यात पप्पांसारखेच. हे मी मनात म्हटलं.) बरोबर येतोस का विचारलं तर म्हणाला, येडा आहेस का, किती थंडी आहे.

आज पहाटे निघालो. पप्पांनी माझं जाड जॅकेट घालून वर मम्मीची तपकिरी शाल घेतली होती. तळ्यावर पोचलो तर गवत दव गोठून पांढरं पडलेलं, पाणी शाईसारखं काळं, आणि माणूस म्हणून आम्ही दोघंच. लाकडी धक्क्यावर खुर्च्या मांडल्या. विश्रामने दिलेला गळ (शिशाचा मणी आणि त्याला रंगीत पिसं, एखाद्या लग्नातल्या मावशीसारखा) दोऱ्याला बांधला आणि पप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि विचारलं, ओहोटी कधी लागते?

आत्या, तळ्याला! ते बोटं मोजत होते. आज एकादशी, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यापुढे अमुक तास, वगैरे. (कॅथलिक माणसाला एकादशी उपासासाठी नाही, माशासाठी पाठ असते.) चाळीस वर्षं पोरांना गणित शिकवलेला माणूस, हिशेब चोख. फक्त पाणी चुकीचं. पाणी फिरल्याशिवाय मासा तोंड लावत नाही, म्हणाले, तोवर बसू. खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. खाडीवरच्या सगळ्या शनिवारांत मिळून ते एवढं बोलले नव्हते. वर वाटलं, डोकं तर फिरलं नाही ना यांचं? आणि मी घाबरलो. मग बसलो. ओहोटीची वाट बघत, तळ्याकाठी, पायांची बोटं आहेत की गळून पडली ते कळत नसताना.

फोनला रेंज नव्हती, त्यामुळे मला खिशात हात घालण्याखेरीज काही करता येईना. आणि पप्पा बोलायला लागले. एकदा खाडीवर दिवसभर काही लागलं नाही म्हणून त्यांनी बाजारातून बोईट घेतले आणि गरवले म्हणून घरी आणले. मम्मीने मोरळीच्या पात्यावर माशाचं पोट फाडलं तर आत बर्फ. कालवण केलं, सगळ्यांना वाढलं आणि यांच्या ताटात फक्त डोकी. हे सांगताना पप्पा हसले, आत्या, अगदी खांदे हलेपर्यंत. मग म्हणाले, आता रविवारी सिमेत्रीत तिच्या थडग्याशी कोण जातं? मी म्हटलं, ऑलिव्ह आत्या जाते. ते म्हणाले, तिचे गुडघे. मला रडू येत होतं आणि नाक आधीपासून वाहत होतं, त्यामुळे निभावलं.

मग एकाएकी त्यांनी जाहीर केलं, पाणी फिरलं. पाणी तसूभर हललं नव्हतं. त्यांनी दोरा सरळ खाली सोडला, दोन बोटांनी हलवत राहिले, जसं विश्रामने सांगितलं तसं, नाही, त्याहून सावकाश. आणि लागला की! तळहाताएवढा, अंगावर काळे पट्टे, लालभडक पर. तेवढ्यात कुत्रं फिरवणारा एक म्हातारा गोरा येऊन उभा राहिला. ‘गुड ऑन या, मेट. परत पाण्यात नको टाकू हां, उपद्रवी आहे तो,’ अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत म्हणाला आणि जाता जाता, ‘ही डझन्ट बिलाँग हिअर.’ कोणे एके काळी इंग्रजांनी बोटीतून आणून सोडलेली जात म्हणे ही. मी पप्पांना घाईघाईने सांगितलं, चांगला मासा आहे म्हणतोय. पप्पा म्हणाले, ‘बिलाँग मला कळतं, फ्रँक.’ आणि त्यांनी मासा बादलीत ठेवून वर शालीचं टोक घातलं.

येताना गाडीत ते झोपले. मासा आता आमच्या फ्रीझरमध्ये आहे, मटारच्या पिशवीशेजारी, मिस्सेच्या दिवसाची वाट बघत. अट पुरी झाली, मी जिंकलो. तर आता तुझं काम. ते तुझं ऐकतात. रविवारी फोन करशील तेव्हा एवढंच म्हण, की मिस्सा कुठेही केली तरी देवाला पोचते आणि तिथेच राहण्यात शहाणपण आहे. बाकी मी बघतो.

सर्वांना नमस्कार, कोंबड्यांना दाणे.

तुझा भाचा,
फ्रँकी

ता. क. सोमवार. रिकी शुक्रवारी जाणार म्हणून पाकीट उघडंच होतं. पप्पा पुन्हा खिडकीत. काल आणि आज, दोन्ही सकाळी फ्रीझर उघडला, माशाकडे बघितलं, बंद केला. काल सेरेनाने विचारलं, पप्पा, काही हवंय का? म्हणाले, नाही, त्याला थंडी वाजत असेल.

ता. क. २. बुधवार. ॲन्ड्रियाला मी हसत हसत तळ्याच्या ओहोटीची गोष्ट सांगितली. ती टॅबमधून मान वर न करता म्हणाली, ‘डॅड, ही नोज. लेक्स डोन्ट हॅव टाइड्स. ही टोल्ड मी.’ मी विचारलं, मग ग्रॅम्पा असं का म्हणाले? तर ते तिला म्हणाले म्हणे, तुझ्या डॅडला कशाची तरी वाट बघायला लावल्याशिवाय तो शेजारी बसत नाही. आत्या, मी बाहेर गॅरेजमध्ये जाऊन गाडी पुसली. ती स्वच्छच होती.

ता. क. ३. गुरुवार. वर तुला जे सांगायला सांगितलं ते सांगू नकोस. फ्रीझरमधला मासा आज दुपारी मी तळून खाल्ला. चिखलाची चव होती आणि काटेच काटे, पण संपवला. पप्पांना सांगितलं, मांजराने नेला. आमच्याकडे मांजर नाही. ते म्हणाले, मांजराचं काही सांगता येत नाही. आणि उठून बॅग काढली. संध्याकाळी सुपरमार्केटचा मासा जेवले, दोनदा वाढून घेतला.

तर खरी विनंती ही, की फादरना सांगून मम्मीची मिस्सा आपल्या चर्चमध्ये ठरव, आमच्या घराची दारंखिडक्या उघडून ठेव आणि मागच्या पडवीत आमचे गळ असतील ते पुसून ठेव. दोघांचे. मीही येतोय. मासा हाताने काढायचाय म्हणे, आणि तिथे ओहोटीला खरंच वेळ लागतो.