बाकावरची सहावी जागा

४ फेब्रुवारी, बुधवार

पोचले एकदाची. खोली चर्चच्या मागेच आहे. किल्ली हातात देताना पाळकीणबाईंनी खोलीबद्दल इतक्यांदा माफी मागितली की मला वाटलं, छप्परच नसेल. पण खोली छान निघाली. मोठी खिडकी, लोखंडी खाट, भिंतीतलं कपाट आणि पाणी तापवायला भली थोरली किटली. सामान लावून झाल्यावर खाटेवर बसून उगाच हसले.

पाळकसाहेबांनी सेविकेची कामं सांगितली. वेदीवरची फुलं, प्रभुभोजनाचे पेले, आजाऱ्यांच्या भेटी. सगळं हातात बसलेलं. मग त्यांनी खरी गोष्ट काढली. मंडळीचा कारभार पाहणारे वडील सहा असतात, सध्या पाचच आहेत. सहाव्या जागेवर एक बाई होत्या, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्या गेल्या वर्षी वारल्या. एक मार्चला मंडळी नवं माणूस निवडणार, आणि नावं दोनच आहेत. एक माझं, दुसरं मोठ्या बाईंच्या मुलीचं, जी ऑर्गन वाजवते. बावीस वर्षं चार ठिकाणी खुर्च्या मांडल्या मी. त्या बाकावर मला कधी कुणी बसवलं नाही. या वेळी बसणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार

इथली एक रीत मी दुसरीकडे पाहिली नव्हती. दर गुरुवारी दुपारी चारला सेविका वडिलांचे पाय धुते, पण मध्ये पडदा असतो. सहाजण बाकावर डोळे मिटून प्रार्थनेत बसतात. पुढे जाड निळा पडदा, खाली वीतभर फट, त्या फटीतून फक्त पाय बाहेर. पाय कुणाचे ते धुणाऱ्याला कळू नये, म्हणजे हातून डावं-उजवं होत नाही. निवड होईपर्यंत आम्ही दोघींनी आळीपाळीनं धुवायचं. एक धुईल तेव्हा दुसरीनं सहाव्या जागी बसायचं. सेवा करून घ्यायलाही शिकावं लागतं, असं पाळकसाहेब म्हणाले.

आज तिची पाळी होती. असेल बावीस-तेविशीची. आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. पाणी अगदी बेताचं कोमट होतं. माझी टाच तिनं तळहातावर अशी अलगद धरली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर चहाला सगळे थांबले. वडिलांमधले सगळ्यांत वयस्क म्हणजे निवृत्त मास्तर. ते मला कौतुकानं सांगत होते की चिमणीच्या हाताला आईची माया आहे. शिंपीणबाई वडिलांपैकीच, त्यांनीही तीच रेकॉर्ड लावली. वेदीवरची फुलं पहाटे उठून मी लावली होती, त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मी हसून मान डोलवत राहिले. आता जबडा दुखतोय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज माझी पाळी. पडद्यामुळे पाय कळत नाहीत म्हणे. मला पहिल्या फटक्यात कळले. शिंपीणबाईंचा सुजलेला घोटा, मास्तरांची पिवळी नखं. आणि शेवटचे, सहाव्या जागेवरचे, चिमणीचे. दुसरं बोट अंगठ्यावर चढून बसलेलं, जमिनीला टेकतच नाही.

तिच्या पायांवर मी नळाचं गार पाणी ओतलं. म्हटलं, बघू कशी चिवचिवते. नंतर बाईसाहेब मला शोधत आल्या. दिवसभर पाय पेटले होते, ताई, फार बरं वाटलं म्हणाली. माझा नुसता तीळपापड झाला.

२२ फेब्रुवारी, रविवार

गुरुवारी तिनं धुतले आणि पुन्हा सगळे विरघळले. आज तिनं मला विचारलं की माझं आवडतं गीत कोणतं, आणि उपासनेत तेच वाजवलं. मग दहा जणांनी येऊन मला सांगितलं की किती मोठ्या मनाची पोर आहे. गीत माझं, कौतुक तिचं.

पाळकीणबाई मला म्हणाल्या, लोकांना तुम्हीसुद्धा आवडता, पण. त्या ‘पण’वरच थांबून त्या गीतपुस्तकं गोळा करायला लागल्या. मला तिचा हेवा वाटतो. लिहून टाकलं, बरं झालं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी ते केलं.

किटली उकळती नेली. पाचजणांसाठी गार पाणी मिसळून कोमट केलं. मध्येच ऑर्गनवर माझं ते गीत सुरू झालं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथेही तीच, माझ्या पाळीलाही तीच. शेवटच्या पायांशी आले. अंगठ्यावर चढलेलं बोट दिसलं. उरलेली किटली सरळ ओतली.

पाय हलले नाहीत. कातडी लाल झाली, घोट्यापर्यंत टरारून फोड आले. पडद्याआडून हूं की चूं नाही. मी टॉवेलनं टिपले. कातडी टॉवेलला चिकटून आली.

उठले. ऑर्गन अजून चालूच होता. वळून पाहिलं तर चिमणी वाजवत होती. पायांत मोजे, बूट.

रागात मला एवढंही सुचलं नाही की वाजवणारी इथे एकच आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मास्तरांना सहज म्हणून विचारलं. पाळकसाहेबांनी चिमणीला ऐन वेळी वाजवायला बसवलं होतं. मास्तरांच्या शेजारची सहावी जागा रिकामीच होती, त्यांनी तिथे आपली काठी ठेवली होती.

पाळकीणबाईंना त्या बोटाबद्दल विचारलं. हसल्या. ते आईचं बोट, म्हणाल्या, मोठ्या बाईंचंही अगदी तसंच होतं. फार जीव लेकीवर. तिच्या वाटचं सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायच्या.

मी घरी येऊन दार लावलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

ओली पावलं. दारापासून खाटेपर्यंत. भर दुपारी, खिडकीतून ऊन पडलेलं, तरी वाळत नाहीत. प्रत्येक पावलाला चारच बोटं. दुसऱ्या बोटाचा ठसा नाही.

मी चार वेळा पुसली.

१ मार्च, रविवार

जागा मला मिळाली. चिमणीनं आपलं नाव मागे घेतलं. ताईंची सेवा माझ्या वयाएवढी आहे, असं सगळ्यांसमोर म्हणाली आणि मला मिठी मारली. टाळ्या.

गुरुवारी मी बाकावर बसायचं. या वेळी नको म्हटलं, तर मास्तर म्हणाले, सेवा करून घ्यायलाही शिका.

किटली खोलीत नाही. कुठेच नाही.

३ मार्च, मंगळवार

चिमणीला सांगायला गेले. सांगितलं नाही. ती चहा करत होती, गुणगुणत. अजूनही हेवाच वाटला, दुसरं काही नाही. तिच्यासाठी उकळतं पाणी सोसणारं कुणी तरी आहे. मेल्यावरही आहे. माझं कोण—

पावलं आता खाटेपाशी थांबतात. बोटं माझ्याकडे वळलेली.

५ मार्च, गुरुवार

वही बायबलात दडवून आणलीय. बाकावर लिहितेय. पाचहीजणांचे डोळे मिटलेले.

ऑर्गन सुरू. माझंच गीत. चिमणी तिकडे— पाळकसाहेब तिच्याजवळ, गातायत. आज पाळकीणबाई धुणार होत्या. पण त्यांचाही आवाज गाण्यात आहे. तिकडून.

मग हे पाणी कोण ओततंय?

शिंपीणबाईंनी सुस्कारा टाकला, बरं वाटल्याचा. मग पुढचे. मास्तर हसले डोळे मिटून—

फटीतून दिसतंय. सरकत येणारे पाय. सोललेले. चार बोटं टेकलेली, एक वर—

मास्तरांना हलवलं. डोळे उघडत नाहीत—

माझी टाच तळहातावर घेतली. अलगद. केवढी माया त्या हातात, अगदी तशीच—

पाय ओढता येत नाही

किटली माझीच आहे

मोठ्या बाई, माझं चु—